सगळ्यांनी खाली यावे

माणसाला एखादं व्यसन असायला हरकत नाही, पण ते त्याच्यापुरतं असावं. तंबाखूवाला स्वतःची दाढ कुजवतो, पत्तेवाला स्वतःची झोप घालवतो. माइककाकांचं व्यसन मात्र अख्ख्या पाच मजल्यांना पुरून वर उरत होतं. त्यांना माणसं एकत्र आणायचा नाद होता.

माइककाका हे पाठीमागचं नाव. तोंडावर सगळे नुसतं 'काका, काका' करत आणि तेही इतक्या गोड आवाजात, की काकांना वाटायचं, आपल्यावर सगळ्या इमारतीचा जीव आहे. जीव वगैरे काही नव्हता. समोर सापडलो तर आता कुठल्या कार्यक्रमात ओढतील, या धास्तीनं आवाज आपोआप गोड व्हायचा, इतकंच.

नोकरीत असताना काका बस डेपोत गाड्या पुकारायचे. काचेची एक खोली, समोर माइक, बाजूला गार झालेला चहा. "फलाटावर लागलेली गाडी थोड्याच वेळात सुटेल," एवढं त्यांनी म्हटलं रे म्हटलं, की बाहेर एकच झुंबड उडायची. बायका पोरांना काखोटीला मारून पळायच्या, म्हातारे पिशव्या सावरत धावायचे, कुणी तोंडातला घास तसाच ठेवून सुटायचा. काकांनी हे दृश्य उभा जन्म काचेतून पाहिलं आणि त्यांचा एक पक्का समज होऊन बसला, की आपण बोललो की माणसं येतात. माणसं बससाठी धावत होती, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. काकूंनी एकदोनदा ते ध्यानात आणून द्यायचा प्रयत्न केला, पण काकूंकडे माइक कुठे होता!

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने फार वाईट गेले. काका घरातच पुकारायला लागले. आंघोळीचं पाणी तापलं, दूधवाला आला, अमक्याचा फोन वाजतोय. "अहो, मी काय फलाटावर उभी आहे का? हळू बोला," असं काकू म्हणायच्या. शेवटी एका सकाळी ते बाहेर गेले आणि चाकं असलेला एक स्पीकर आणि वायरचं भेंडोळं घेऊन आले. काकूंनी ते पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तेव्हापासून इमारतीचं पार्किंग ही पार्किंगची जागा राहिली नाही.

काय काय केलं म्हणून सांगू! 'शेजारी ओळखा' झालं. त्यात प्रत्येकानं शेजाऱ्याबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे होते. दोन बायका ते शब्द आठवत इतका वेळ गप्प उभ्या राहिल्या, की त्यांचं आजतागायत बोलणं नाही. जुन्या वस्तूंची अदलाबदल झाली. सगळ्यांनी बिघडलेले मिक्सर आणले आणि सगळे जण दुसऱ्याचा बिघडलेला मिक्सर घेऊन घरी गेले. वाचनकट्टा झाला, तिथे लोक मान खाली घालून फोन वाचत बसले. ज्येष्ठांसाठी संगीत खुर्ची झाली आणि दोन ज्येष्ठांच्या गुडघ्यांनी कायमचा राम म्हटला. स्वच्छता मोहिमेच्या दिवशी अंगण आधीच लख्ख होतं, तर काकांनी फोटोसाठी मागच्या गल्लीतला कचरा मागवून घेतला. तो पुढे आठवडाभर तिथेच होता. हास्यमंडळ सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी समोरच्या इमारतीतून कुणीतरी ओरडून विचारलं, काय झालंय, कुणी गेलं का? आणि सगळ्यांवर कळस म्हणजे 'संवाद हरवत चालला आहे का?' हे चर्चासत्र. त्यात काका एकटे दोन तास बोलले. हरवलेला संवाद त्या दिवशी जो पळाला तो परत काही आला नाही.

बरं, या इमारतीतली माणसं म्हणजे भिडस्तपणाची कमाल. काकांच्या तोंडावर कुणी 'नाही' म्हणेल तर शपथ! "वा काका, येतोच," असं म्हणायचं आणि दार लावून कपाळ बडवायचं. पण असं किती दिवस चालणार? नाही म्हणणं जमत नव्हतं, म्हणून सगळे जण घरी नसायला शिकले.

काकांच्या बेलची एक तऱ्हा होती. दोनदा आखूड आणि मग एकदा लांबलचक. ही बेल वाजली रे वाजली की घराघरांत कवायत सुरू व्हायची. टीव्हीचा आवाज खाली. मिक्सर बंद. दाराबाहेरच्या चपला तर लोकांनी कायमच्याच आत घेतल्या होत्या. बाळ रडायला लागलं तर त्याच्या तोंडात जे हाताला येईल ते. श्वास रोखून आतली माणसं उभी राहायची आणि बाहेरून काकांचा तो ठरलेला पुकारा यायचा, "कार्यक्रम नाही हो काही! पाच मिनिटं खाली या फक्त!" एकदा या पाच मिनिटांना भुलून माणूस खाली गेला, की तिथे मांडलेल्या खुर्च्या, फुगे आणि माइक बघून त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. मागून तर पार्किंगचं फाटकच लावलेलं असायचं.

काकांना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. त्यांना खरंच वाटायचं, लोक बाहेर गेलेत.

"काय धावपळीचं आयुष्य झालंय बघ लोकांचं," ते जिना चढून आल्यावर काकूंना सांगायचे. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा कुणी घरात सापडत नाही."

"सगळे घरातच असतात," काकू म्हणायच्या.

"छे, बेल वाजवून वाजवून बोट दुखलं माझं. म्हणूनच तर कार्यक्रम वाढवायला हवेत. माणसं तुटत चाललीयत."

काकूंनी हात टेकले होते. त्या स्वतः मात्र प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असायच्या. हौस म्हणून नव्हे हं. रांग रिकामी दिसली की काकांचा चेहरा उतरायचा आणि तो त्यांना बघवत नसे. लग्नाच्या बायकोला नाही टाळता येत बेल.

या सगळ्या इमारतीत एकाच माणसानं काकांच्या तोंडावर नाही म्हटलं होतं. तो गच्चीच्या खोलीत राहणारा बेकरीवाला. त्याची रात्रपाळी असे. रात्रभर भट्टीसमोर उभं राहायचं, पहाटे पावाची गाडी दुकानादुकानांतून फिरवायची आणि दिवसा झोपायचं, असा त्याचा क्रम. एका दुपारी गाण्यांच्या स्पर्धेचा बक्षीस समारंभ रंगात आला असताना हा गडी बनियनवर खाली आला, कुणाशी एक शब्द न बोलता त्यानं स्पीकरची वायर उपटली, ती गुंडाळून काकांच्या हातात दिली आणि वर जाऊन झोपला. पाच मजल्यांनी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. काका मात्र अंगाचा तिळपापड होऊन म्हणाले, "अशा माणसांमुळेच समाज तुटतो." त्या दिवसापासून गच्चीच्या खोलीची बेल त्यांनी कधी वाजवली नाही. सगळी इमारत त्या बेकरीवाल्याचा हेवा करायला लागली.

आणि मग झाला तो सराव.

काकांनी कुठेतरी वाचलं, की संकटात सगळ्यात आधी शेजारी धावून येतो. झालं! आपले शेजारी धावतात की नाही, हे बघायला नको? कुणालाही न सांगता करायचा कार्यक्रम, म्हणजेच खरी परीक्षा. रुग्ण कोण होणार, हा प्रश्न होता, कारण सांगायचं कुणालाच नव्हतं आणि गार लादीवर आडवं व्हायला तयार होईल असं माणूसही कोण? काकूंनाच जिन्यातल्या मोकळ्या जागेत निजवलं आणि कपाळाला लाल रंग लावला. "अहो, हे शोभतं का आपल्याला?" असं त्या म्हणत होत्या, तोवर काका जिना उतरत ओरडायला लागलेसुद्धा, "धावा हो धावा! ही पडली! कुणीतरी या!"

आणि खरंच सांगते, लोक धावले. समोरचे विमावाले, जे काकांनी काढलेल्या इमारतीच्या मंडळाचे उपाध्यक्षही होते, ते पाण्याची बादली घेऊन आले. आग लागलीय की काय, हे त्यांना धड कळलं नव्हतं. खालच्या मजल्यावरची शिवणवाली कात्री हातात तशीच धरून पळत आली. एक जण अर्ध्या दाढीनं आला, गालावर फेस आणि घाईत बसलेला ब्लेडचा काप. सगळे काकूंभोवती गोळा झाले, कुणी नाडी बघतंय, कुणी 'बाई गं' करून डोळे पुसतंय, तेवढ्यात कठड्यामागून काकांनी माइक काढला आणि म्हणाले, "सस्नेह स्वागत! घाबरू नका, हा सराव होता. आपण सगळे उत्तीर्ण!"

लोकांच्या अंगातून जीवच गेला. शिवणवालीच्या हातातली कात्री काकांच्या दिशेनं हलली, पण तिनं स्वतःला आवरलं. मग सगळ्यांनी भिडेपोटी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी खरं रक्त आलं ते फक्त अर्ध्या दाढीवाल्याच्या गालातून. काका पुढे कितीतरी दिवस सांगत होते, की इतकी उपस्थिती आपल्या कुठल्याच कार्यक्रमाला नव्हती. लोकांनी मात्र कानाला खडा लावला. कुणी भांडलं नाही, कुणी ब्र काढला नाही. तोंडावर सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण भिडस्त माणसाइतका निर्दय माणूस शोधून सापडायचा नाही.

तो रविवार होता. संध्याकाळी 'मनमोकळं' नावाचा कार्यक्रम ठरला होता आणि काका दुपारपासून वायरी सोडवत बसले होते. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद. काकू ओट्याशी चहा करत होत्या.

"मला आज बरं वाटत नाहीये," त्या म्हणाल्या. "हात जड झालाय. मी काही खाली येत नाही."

"खाली आलीस की बरं वाटेल," काका वायरीतून मान वर न काढता म्हणाले. "चार माणसांत बसलं की दुखणं पळतं."

काकू काहीतरी बोलल्या. ते शब्द नीट आले नाहीत. मग भांडं पडल्याचा आवाज आला आणि त्यामागून काकू पडल्याचा.

काका गेले तर काकू ओट्याला टेकून तिरक्या बसलेल्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, एक डोळा अर्धा मिटलेला. त्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, की गाडी दुसरीकडून निघतेय, वेळ लागेल, आणि लिफ्ट नसेल तर पेशंटला खाली आणून ठेवा, आज गाडीवर माणूस एकच आहे. चौथ्या मजल्यावरून खाली आणायचं कुणी आणि कसं? काकांनी काकूंना कसंबसं खुर्चीत बसवलं, ओढणीनं कमरेशी बांधलं आणि खुर्ची ओढत ओढत जिन्यापर्यंत नेली. एकट्यानं यापुढे जाणं शक्य नव्हतं. वय आणि पाठ दोन्ही त्यांच्या बाजूला नव्हती. एक माणूस हवा होता. फक्त एक.

त्यांनी समोरच्या विमावाल्यांची बेल वाजवली. दोनदा आखूड, एकदा लांब. अंगात भिनलेली सवय, दुसरं काय.

आतला क्रिकेटचा आवाज एकदम थांबला.

काकांनी तो थांबताना ऐकला. आजवर त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं, कारण आजवर बेल वाजवली की लगेच ते स्वतःच बोलायला लागायचे. आज घशाला कोरड पडली होती, म्हणून कान रिकामे होते. आतून कुणीतरी कुजबुजलं, "काकाच आहेत. हलू नका." त्यांनी विमावाल्यांना फोन लावला. दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर, विमावाल्यांची ती ओळखीची रिंग वाजली आणि कुणीतरी घाईघाईनं गळा दाबावा तशी बंद पडली.

त्या क्षणी काकांना सगळं कळलं. इतक्या वर्षांचं सगळं. पण रडायला, रागवायला सवड कुठे होती?

"अहो, कार्यक्रम नाही हो!" ते दारावर थापा मारत ओरडले. "देवाशपथ सांगतो, आज कार्यक्रम नाही! पाच मिनिटं या फक्त!"

हे शब्द बाहेर पडले आणि त्यांचे त्यांनाच ऐकू आले. मेलंच! अगदी रोजचेच शब्द. शब्द न् शब्द तोच.

मग ते खालच्या मजल्यावर पळाले. शिवणवालीचं मशीन चालू होतं, ते बंद झालं. पण ही बाई बाकीच्यांपेक्षा मऊ काळजाची. तिनं साखळी न काढता दार बोटभर उघडलं. तिला काका दिसले, केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी. त्यांच्या मागे, वरच्या पायऱ्यांशी, खुर्चीत बांधलेल्या काकू दिसल्या, मान कललेली, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळलेली. शिवणवालीनं एक कौतुकाचा सुस्कारा सोडला.

"काकू किती छान करतात हो," ती म्हणाली. "मागच्यापेक्षासुद्धा खरं वाटतंय. पण काका, आज मला खरंच वेळ नाही, दोन ब्लाऊज द्यायचेत." आणि तिनं दार अगदी हळूच लावलं, काकांना वाईट वाटू नये म्हणून.

काका जिन्याच्या मधोमध उभे राहिले आणि ओरडले. तो आवाज साधासुधा नव्हता. डेपोच्या गोंगाटातून शेवटच्या फलाटापर्यंत पोचणारा आवाज तो. "धावा हो! ही पडलीय! खरंच पडलीय! कुणीतरी या!" पाचही मजल्यांवर एकही घर असं नव्हतं, की जिथे तो ऐकू गेला नसेल. टीव्ही बंद झाले, नळ बंद झाले, पंखेसुद्धा बंद झाले असतील तर नवल नाही. इमारत चिडीचूप. इतकी मुकाट एकी काकांनी आपल्या एकाही कार्यक्रमात पाहिली नव्हती.

ते परत काकूंपाशी गेले आणि पायरीवर बसले. काकूंचा चांगला हात त्यांनी हातात घेतला. "येतील हं कुणीतरी," ते म्हणाले. काकूंनी उघड्या राहिलेल्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना तोंड चालवता येत असतं तर काय बोलल्या असत्या, ते काकांना पाठ होतं.

तेवढ्यात वरून पावलं वाजली. बेकरीवाला खाली येत होता, पाठीला पिशवी, हातात गाडीची किल्ली. जिन्यात खुर्चीतली बाई बघून तो थबकला. त्यानं तो सराव पाहिलेला नव्हता, तो त्या वेळी झोपलेला होता. त्याला जे दिसलं तेच त्यानं पाहिलं.

"कधी झालं?"

"आत्ता. थोड्या वेळापूर्वी. कुणी येत नाही हो..."

"तुम्ही खुर्चीचे पुढचे पाय धरा. मी मागून पाठ धरतो. पायरी बघून चला."

बस, एवढंच बोलणं. खाली रुग्णवाहिकेचा पत्ता नव्हता, तर त्यानं आपल्या गाडीतले पावाचे रिकामे ट्रे धडाधड फुटपाथवर उतरवले, मागे गोणपाट टाकलं आणि काकूंना निजवलं. काका त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. गाडीभर पहाटेच्या पावाचा वास होता. हॉस्पिटलच्या दारात पोचल्यावर बेकरीवाल्यानं आतून स्ट्रेचर आणायला लावलं, काकांच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि उशीर झाला म्हणून निघून गेला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. अजून थोडं थांबला असतात तर सांगता आलं नसतं.

काकू वाचल्या. एक हात अधू झाला, बोलणं अडखळायला लागलं, पण वाचल्या.

मग मात्र इमारतीला भरतं आलं. भेटायच्या वेळी सगळे एकदम हजर, न बोलावता! हातात फुलं, फळांच्या पिशव्या, चेहऱ्यावर हे एवढं दुःख. नर्सनं "एका वेळी दोघंच" म्हणून दटावलं तरी कुणी हलेना. विमावाले सगळ्यांच्या पुढे.

"काका, आम्हाला हाक मारायचीत ना! आम्ही सगळे सहकुटुंब बाहेर होतो, नाहीतर एका पायावर धावलो असतो."

मागून तीनचार जणांनी माना डोलावल्या. त्या रविवारी म्हणे सगळी इमारतच बाहेर गेली होती. कोण मावशीकडे, कोण सासऱ्यांकडे, कोण नुसतंच फिरायला. ती रिंग अजून काकांच्या कानात होती.

"आम्ही नव्हतो बाहेर," शिवणवाली एकदम म्हणाली आणि हुंदका फुटून रडायला लागली. "मी तर दार उघडलं. मी बघितलं काकूंना. मला वाटलं, कार्यक्रमच आहे. मला माफ करा हो काका, मी ब्लाऊज शिवत बसले."

सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिनंच काकूंना ढकललं होतं. कुणीतरी तिला कोपरानं मागे सारलं. विमावाल्यांनी घसा खाकरला आणि मंडळाचा ठराव जाहीर केला. बेकरीवाल्याचा सत्कार करायचा. पुष्पगुच्छ, मानपत्र, फोटो. 'माणुसकीचा गौरव' असं नावही ठरलं होतं. प्रास्ताविक काकांनी करायचं. काही दिवसांपूर्वी काकांनी हे ऐकलं असतं, तर तिथेच माइक शोधला असता. आता ते नुसतं "बघू" म्हणाले.

काकू घरी आल्यावर एका दुपारी ते गच्चीच्या खोलीपाशी गेले. बेल वाजवायचं धाडस झालं नाही, त्यांनी दार ठोठावलं. बेकरीवाला डोळे चोळत आला. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि खिडकीला उजेड येऊ नये म्हणून लावलेलं जाड कापड. त्यानं खुर्ची पुढे केली, काकूंची विचारपूस केली, चहा ठेवला. काकांनी सत्काराचं सांगितलं.

"नको हो काका."

"नको कसं? तुम्ही माझी हाक ऐकलीत. सगळ्या इमारतीत तुम्ही एकटे..."

"ऐकली तर होती," तो म्हणाला. मग त्यानं चहा गाळायला घेतला. "खरं सांगू? ऐकली आणि उशी कानावर घेतली. म्हटलं, झालं यांचं सुरू. रविवारी मला सुट्टी असते. त्या दिवशी एका दोस्ताची पाळी मी घेतली होती, म्हणून जिना उतरावा लागला. नाहीतर मीही झोपलो होतो काका. बाकीच्यांसारखाच."

काकांनी चहा घेतला. गरम होता, तोंड पोळलं. बेकरीवाला ओशाळून म्हणाला, "तुम्हाला राग आला असेल." काकांनी मान हलवली. राग कुणाचा येणार? त्यांना नुसतं ते बनियनवर खाली येऊन वायर गुंडाळणं आठवत राहिलं. त्या दिवशी याचं ऐकलं असतं तर! पण आता ते म्हणूनही काय उपयोग, म्हणून ते उठले.

काकूंना हे सांगायचं नाही, असं त्यांनी जिन्यात पक्कं ठरवलं. निदान एक माणूस तरी धावला, एवढं त्यांच्या मनात राहू दे. काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या.

"काय... म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. हाक ऐकली आणि धावलो म्हणाला."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाचं खोटं त्यांना चेहऱ्यावरून कळायचं, त्याला काही वेगळी दृष्टी लागत नव्हती. "खरं... सांगा," त्या म्हणाल्या. आणि मग काकांनी सगळं सांगितलं. उशी, सुट्टी, दोस्ताची पाळी. विमावाल्यांची रिंग. शिवणवालीचं कौतुक. आणि शेवटी, आजवर कुणालाही न सांगितलेलं, ते 'खाली आलीस की बरं वाटेल' हे आपलंच वाक्य. ते म्हणताना त्यांचा आवाज फुटला. अख्खा डेपो ज्यानं हलवला तो आवाज चिरकला आणि ते ओंजळीत तोंड धरून लहान मुलासारखे हमसाहमशी रडायला लागले.

काकूंनी चांगला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. थोडा वेळ त्यांना रडू दिलं. मग वाकड्या तोंडानं, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या,

"रडा. पण... हळू. लोकांना वाटेल... सुरू झाला कार्यक्रम."